आवडत्या लेखकाची खोड दिसायला लागली तर...

पत्र थोडक्यात : अमळनेरच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वय पस्तिशीचं, नोकरी विमा कार्यालयात. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जण एका घराच्या गच्चीवर जमतात आणि एखाद्या पुस्तकावर बोलतात. गट सुरू केला तो आप्पांनी. आप्पा निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. ताईंना शाळेत मराठी त्यांनीच शिकवलं, आणि बारावीनंतर पुण्याला निघताना ‘कोसला’ हातात ठेवली तीही त्यांनीच. भालचंद्र नेमाडे दोघांचेही आवडते कादंबरीकार. यंदा गटाने नेमाड्यांच्या सगळ्या कादंबऱ्या क्रमाने वाचायला घेतल्या, आणि ताईंना लेखकाच्या लकबी खटकायला लागल्या. ते ‘उदाहरणार्थ’, ते ‘वगैरे’, पुढे त्या लांबलचक याद्या, आणि कुठेच मन न लागणारा तोच तो चिडका तरुण. त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या, वहीत रेघा मारून मोजदाद केली आणि त्या पानाचा फोटो, सोबत हसणारे चेहरे टाकून, गटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन तरुण मुलांनी त्यावर विनोद केले. पुढच्या रविवारी आप्पा आले, जरा वेळ बसले, “आपलाच माणूसले नावं ठेवस का वं माय?” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठून गेले. त्यानंतर ते आलेले नाहीत. गटात दोन तट पडलेत. ताई विचारतात, माफी मागू का? मत मागे घेऊ का? “आता पुस्तक उघडलं की मला लकबीच दिसतात, गोष्ट दिसत नाही. मी स्वतः कथा लिहिते, त्यांतही हे ‘वगैरे’ घुसलंय आणि मैत्रीण हसते. यातून बाहेर कशी पडू?”

ताई,

पत्र वाचून मला सगळ्यात आधी तुमची ती वही आवडली. नावडत्या लेखकाचे ‘वगैरे’ कोणी मोजत बसत नाही. नावडता लेखक आपण तिसाव्या पानावर मिटतो आणि पुस्तक लायब्ररीत परत करून येतो. लकब कानाला लागायची तर त्या लेखकाची बरीच पानं डोळ्यांखालून जावी लागतात. तुमची गेलीत, म्हणून तुम्हाला ती दिसली. तेव्हा ‘मत मागे घेऊ का’ याला माझं उत्तर सरळ आहे, घेऊ नका. खरं तर मागे घेण्याजोगं मत अजून तयारच झालेलं नाही. तुमच्याकडे आहे ती नोंद. नोंदीवरून निकालापर्यंत तुम्ही एका उडीत गेलात, आणि आप्पांनीही नोंद ऐकली ती निकाल म्हणूनच. भांडण पेटलं ते तिथे.

तर आधी ती नोंद पुरी करू या.

तुमच्या वहीत तीन निरनिराळ्या गोष्टींच्या रेघा एकाच रकान्यात पडल्यात. ‘उदाहरणार्थ’ नि ‘वगैरे’ ही शब्दांची सवय झाली. याद्या ही रचनेची सवय. आणि चिडका तरुण पुन्हा पुन्हा घेणं ही पात्रं निवडण्याची सवय. या तिघींचा जाब एकदम मागायला गेलं की लेखकाचा पक्ष घेणाराही तिघींचं समर्थन एकदम करतो, आणि मग दोघंही हट्टाला पेटतात.

शब्दांपासून सुरू करू. ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ १९६३ साली आलेल्या ‘कोसला’ची ही सुरुवात पुष्कळांना पाठ आहे, आप्पांना असणारच. त्यातल्या ‘उदाहरणार्थ’वर बोट ठेवून तो झाका आणि वाक्य पुन्हा वाचा. ‘आज पंचवीस वर्षांचा आहे.’ नोकरीच्या अर्जात शोभेल असं वाक्य झालं. वय ही काही उदाहरणादाखल द्यायची गोष्ट आहे का? माणूस पंचवीस वर्षांचा असतो किंवा नसतो. पांडुरंग मात्र स्वतःचं वयही असं सांगतो की कोणी हरकत घेतलीच तर दुसरं काढून देईल. स्वतःच्या आयुष्यावर सही करायला तयार नसलेला मुलगा त्या एका शब्दात उभा आहे. लगेच पुढच्या वाक्यात ‘वगैरे’ येतं. म्हणजे तुम्ही ज्या दोन शब्दांवर रेघा मारल्यात ते लेखकाने पहिल्या तीन वाक्यांतच समोर आणून ठेवलेत. इतक्या उघडपणे ठेवलेली सवय त्याच्या नकळत जडली असेल, असं मला वाटत नाही.

मग ही सवय कोणाची म्हणायची, पांडुरंगची की नेमाड्यांची? हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि सगळं त्यावर अडलंय. ‘कोसला’ सांगतो पांडुरंग. सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला. तिथल्या वसतिगृहात, खानावळीत, कॉलेजात तो सुशिक्षित बोलण्यात रुळायला बघतो आणि त्याच बोलण्याची टरही उडवतो. ‘उदाहरणार्थ’ हा शेतातला, ओट्यावरचा शब्द नाही; तो वर्गातला, निबंधातला, गाइडमधला. खेड्यातून आलेला पोरगा तो नको तिथे वापरतो तेव्हा आपण हसतो, आणि हसताना कुठेतरी आपलीच फजिती आठवते. तुम्ही अमळनेरहून पुण्याला गेलात. पहिल्या वर्षी होस्टेलवर तुमच्या तोंडी असे किती शब्द आले आणि किती जिभेवरून परत गेले, हे जरा आठवून बघा.

आता पेन्सिल पुन्हा हातात घ्या आणि एक काम करा. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं उघडा. तिथे तुमच्या रेघा किती पडतात ते बघा आणि वसतिगृहाच्या तेवढ्याच पानांशी ताडून बघा. मग रोजनिशीची पानं, आणि वडिलांबद्दलचा मजकूर. शब्द कुठे कुठे आलाय ते तुम्ही मोजलंत. तो कुठे दाटीने येतो, कुठे विरळ होतो, कुठे मुळीच येत नाही, हे मोजलेलं नाही. ही मोजदाद केल्याशिवाय पहिली मोजदाद किराणा दुकानाच्या उधारीच्या पानापलीकडे जात नाही.

पुढचं काम जरा अवघड. १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्यांत पांडुरंगची सबब चालणार नाही. चांगदेव प्राध्यापक आहे, गावं आणि नोकऱ्या बदलत हिंडणारा, आणि त्याची हकिगत तो स्वतः ‘मी’ म्हणून सांगत नाही. तिथेही तुम्हाला पांडुरंगचाच सूर ऐकू आला, तर लेखक जुन्या आवाजातून पुरता बाहेर पडला नाही असं म्हणायला तुम्हाला जागा आहे. जरूर म्हणा, पण पान उघडून म्हणा. चिडक्या तरुणाचा मुद्दाही इथेच निकालात निघेल. चांगदेव हा पांडुरंगचा थोरला भाऊ वाटतो की पांडुरंगच, हे गच्चीवर एका रविवारी ठरवण्यासारखं आहे.

याद्यांच्या बाबतीत मी तुमच्याकडून आहे, निदान अर्धी. ‘झूल’नंतर ३१ वर्षांनी, २०१० साली ‘हिंदू’ आली. तिचा खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. थराखालचा थर उकरायचा आणि हाती लागेल ते खापर नोंदवून ठेवायचं, हा त्याचा धंदाच. ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असं खुद्द मुखपृष्ठावर छापलंय. अशा पुस्तकात जातींच्या, नात्यांच्या, वस्तूंच्या, गाण्यांच्या याद्या येणं योजनेला धरून आहे हे मला पटतं. पटूनसुद्धा काही पानांवर मी दमते आणि चार पानं पुढे जाते. पुढे जाताना मला अपराधी वाटत नाही. सवयीमागे सबळ कारण असू शकतं आणि तरी ती वाचणाऱ्याला जड होऊ शकते. तुमच्या गटात बहुधा एका तटाला फक्त कारण दिसतंय आणि दुसऱ्याला फक्त ओझं.

आणखी एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की सवय म्हणजे दोष. आपल्याकडचीच दोन माणसं घेऊ. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकात आली. ‘अरे संसार संसार’, ‘मन वढाय वढाय’. शब्द एकदा घेऊन त्यांचं भागत नाही. तोच लगेच दुसऱ्यांदा येतो. ही लकबच आहे, पण तिच्यावर कोणी पेन्सिल चालवत नाही, कारण त्या दुसऱ्या शब्दाशिवाय गाणं म्हणताच येत नाही. दुसरे तुमच्या गावचे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, बेचाळीस रात्रींची. तिच्यात डोळ्यांत पाणी येण्याला तोटा नाही. त्या पाण्यामुळेच काहींना ते पुस्तक पुढे वाचवत नाही आणि त्याच पाण्यासाठी काही जण ते पुन्हा पुन्हा काढतात. अमळनेरात बसून गुरुजींच्या रडण्यावर कोणी वहीत रेघा मारल्या असत्या तर त्याला बसायला सतरंजी तरी मिळाली असती का, मला शंका आहे.

हा वाद काही नेमाड्यांपुरता नाही. पुलंच्या कोट्या, जीएंच्या उपमा, वपुंची भिंतीवर लावण्याजोगी वाक्यं, यांवरून घरोघर बोलणी होतात. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत लेखकाचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच असतो : मला आवडायचा, आता खटकतो, आणि घरातलं कोणीतरी दुखावलं. त्या सगळ्यांना मी आधी हेच विचारते की ते पुस्तक तुम्ही पहिल्यांदा वाचलंत तेव्हा वय काय होतं? ताई, तुम्ही ‘कोसला’ वाचली सतरा-अठराव्या वर्षी, पुण्यात, घरापासून लांब. ‘हिंदू’ वाचताय पस्तिशीत, कार्यालयातून आल्यावर, कुकर लावून. या दोन वाचनांतला सगळा फरक लेखकाच्या खात्यावर टाकणं बरोबर होणार नाही. थोडा तुमच्या खात्यावरही पडतो. पुढच्या पुस्तकांत लेखक तेच ते करतो असं वाटताना, तुम्ही त्याच्याकडे पुन्हा तीच सतरा-अठराव्या वर्षाची रात्र मागत नाही ना, एवढं तपासा.

आता आप्पा.

आप्पांच्या आधीच्या पिढीच्या आणि त्यांच्याही शाळकरी दिवसांत मराठी कादंबरी म्हणजे फडके आणि खांडेकर. घोटीव, गुळगुळीत वाक्यं. खांडेकरांची सुभाषितं आणि उपमा मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि निबंधात घालायची. त्या वाचनात सांगवीचा पोरगा आला. गावाचं नाव थेट आडनावात घेऊन आला, आणि छापील पुस्तकात असं बोलला की जसं तोवर छापील पुस्तकात कोणी बोलत नसे. खान्देशातल्या एका शिक्षकाला त्याचं काय वाटलं असेल, याचा अंदाज आपण दोघी करू शकतो. तुम्हाला आज खटकणाऱ्या त्याच शब्दांनी आप्पांना तरुणपणी धीर दिला असेल. ते शब्द रेघांखाली मोजलेले बघणं त्यांना सोपं गेलं नसणार.

(जाता जाता : सांगवी यावल तालुक्यातली. तिकडची बोली तुमच्या आप्पांच्या अहिराणीहून वेगळी. पण ‘आपला माणूस’ म्हणताना आपण खान्देशी लोक तालुक्याचा एवढा हिशेब करत नाही.)

‘आपला माणूस’ हे मात्र मला जरा सोडवून बघावंसं वाटतं, कारण आप्पांचा खरा मुद्दा तोच आहे. बाहेरच्यांनी नावं ठेवली तर ठेवली, घरच्यांनी ठेवू नयेत, असं त्यांचं म्हणणं दिसतं. ते प्रेमापोटी आहे. पण नेमाड्यांच्या बाबतीत ते बसत नाही. या माणसाने ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या नावाचा लेख लिहिला. त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘टीकास्वयंवर’ला, म्हणजे समीक्षेच्या पुस्तकाला. डेक्कन कॉलेजात ते भाषाशास्त्र शिकले. इंग्रजीचा मराठीवर काय परिणाम झाला याचा शैलीच्या अंगाने अभ्यास त्यांनी केला. दुसऱ्या लेखकांची वाक्यं उसवून बघणं हे त्यांनी आयुष्यभर केलं, आणि करताना कोणाची भीड ठेवली नाही. २०१४ सालचं ज्ञानपीठ मिळालं म्हणून आता त्यांच्या वाक्यांना हात लावायचा नाही, असा नेम आपण त्यांच्या वतीने केला तर आपणच त्यांचा लेखकराव करतोय. हे आप्पांना सांगता येईल. पण पहिल्या भेटीत सांगू नका.

माफीचं म्हणाल तर ती मागा, पण कशाची मागताय ते नीट ठरवून. मत असण्याची माफी मागायची नाही. फोटोची मागायची. तुम्ही पत्रात फोटोवर एक ओळ लिहिलीत आणि ‘वगैरे’वर दीड पान, मला ते उलटं हवं होतं. आप्पांच्या जागी बसून बघा. ज्या मुलीच्या हातात त्यांनी ते पुस्तक ठेवलं, तिने त्याच पुस्तकाचा हिशेब हसणाऱ्या चेहऱ्यांसह पाठवला. खाली दोन पोरं खिदळतायत. हे सगळं त्यांनी घरी, एकट्याने, फोनच्या पडद्यावर पाहिलं. तिथे त्यांना उत्तर द्यायला तोंड नव्हतं. तीच वही तुम्ही गच्चीवर उघडून, समोर बसून दाखवली असती तर ते चिडले असते, तावातावाने बोलले असते, आणि चहा घेऊन गेले असते.

तेव्हा घरी जा. फोन करून ‘येऊ का’ विचारत बसू नका. आपल्याकडे शिक्षकाच्या घरी जायला परवानगी लागत नाही. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. त्यांनी दिलेली तीच ‘कोसला’ पिशवीत असू द्या, आणि वहीही. वहिनींची चौकशी करा, त्यांच्या गुडघ्यांचं विचारा. विषय त्यांनी काढला नाही तर तुम्ही काढा, पण थोडक्यात. “आप्पा, फोटो टाकायला नको होता. ते चुकलं. रेघा मात्र खऱ्या आहेत, त्या तुम्हाला दाखवायला आणल्यात.” एवढंच. मग एखादं पान त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. ही युक्ती नाही. जन्मभर वर्गात मराठी वाचून दाखवलेल्या माणसाच्या तोंडून ते ‘उदाहरणार्थ’ कसं येतं, कुठे थांबतं, कुठे नुसतं निसटून जातं, हे तुम्हाला खरोखर ऐकायला हवं. डोळ्यांनी मोजलेला शब्द आणि कानाने ऐकलेला शब्द यांचं वजन सारखं येत नाही. तुमची रेघ कदाचित आप्पांच्या आवाजात सापडणारच नाही. किंवा सापडेल, आणि तेही म्हणतील, “हां, हे जरा जास्तच झालं.”

त्यांनी काही वाचलं नाही, पुस्तकाकडे बघितलंही नाही, तरी चहा घेऊन या. पुन्हा महिन्याने जा. त्या वयात रुसवा एका भेटीत जात नाही. आणि ते गटात परत आलेच नाहीत, तर गट त्यांच्यासाठी थांबवू नका. त्यांनाही ते रुचणार नाही.

‘लकबीच दिसतात, गोष्ट दिसत नाही’ या तक्रारीवर माझ्याकडे रामबाण नाही, पण ती फार दिवस टिकत नाही एवढं सांगते. शेवभाजी समोर आली की आधी लाल तर्रीच डोळ्यांत भरते. भाकरी कुस्करून चार घास खाल्ले की शेव लागते. तुम्ही सध्या नुसती तर्री बघत बसला आहात. चार-सहा महिने नेमाडे कपाटात ठेवा. अगदी वेगळ्या चालीचं काहीतरी वाचा. जिथे वाक्य लांब, सावकाश जातं असं. परत याल तेव्हा मधूनच कुठलंही पान उघडू नका, सलग चाळीस पानं एका बैठकीत वाचा आणि हातात पेन्सिल घेऊ नका. खुणा असलेली प्रत बाजूला ठेवून लायब्ररीतली आणा. स्वतःच्याच रेघा समोर असल्या की डोळा तिथे जाणारच.

तुमच्या कथांचं मला जास्त वाटतं, आणि मैत्रीण हसली ते बरं झालं. ‘कोसला’नंतर मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी तरुणांच्या वाक्यांत पांडुरंग येऊन बसला. तुम्ही एकट्या नाही. पण ‘आजपासून वगैरे बंद’ असा नेम करू नका. बंदी घातलेला शब्द दुसऱ्या वेषात परत येतो, ‘इत्यादी’ होऊन येतो, ‘असं काहीतरी’ होऊन येतो. पहिला खर्डा मनात येईल तसा होऊ द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ‘वगैरे’पाशी थांबा आणि विचारा, इथे मी काय सांगायचं टाळलंय? ‘आईने डबा वगैरे दिला’ असं तुमचं वाक्य असेल, तर डब्याबरोबर तिने आणखी काय दिलं? कळण्याची भाकरी दिली, ठेचा दिला, कागदात गुंडाळून पन्नासची नोट दिली. पांडुरंगला काही गोष्टी सांगायच्याच नव्हत्या, म्हणून त्याला ‘वगैरे’ लागायचं. तुमच्या पात्राला सांगायचं नसेल तर राहू द्या. त्याला सांगायचंय आणि तुम्हीच आळस केलाय असं दिसलं, तर शब्द काढा आणि नोट लिहा. दुसरं असं की तुमच्या घरात अहिराणी बोलतात. तुमच्या आजीच्या, मावशीच्या बोलण्यालाही लकबी असतीलच. त्या कोणत्या, हे एका कागदावर लिहून काढलंत तर कथेला तुमचा स्वतःचा सूर सापडायला जास्त मदत होईल. नेमाड्यांचा सूर आपोआप मागे पडेल.

राहता राहिला गट. शेवटी तुम्ही विचारलंय, मतदान घेऊन नेमाडे पुढे चालू ठेवायचे की नाही हे ठरवू का? नको. मतदान घेतलं की हरलेला तट येणं बंद करतो. एकच रीत पाडा : लेखकाबद्दल बोलायचं ते पान उघडून बोलायचं. ‘तो नेहमी असंच करतो’ असं कोणी म्हणालं की शेजारच्याने ‘कुठल्या पानावर?’ विचारायचं. ‘तो थोर आहे’ असं म्हणणाऱ्यालाही हेच विचारायचं. पहिले दोन रविवार लोक वैतागतील, मग सरावतील. आणि गच्चीवर जे बोलणं होईल त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाहीत. तिथे फक्त पुढच्या रविवारची वेळ, पुस्तकाचं नाव, आणि चहाची पाळी कोणाची ते टाकायचं. विनोद करणाऱ्या त्या दोन मुलांना पुढच्या वेळी ‘बिढार’ची सुरुवातीची पंचवीस पानं मोठ्याने वाचायला लावा. निम्मी एकाने, निम्मी दुसऱ्याने.